एल्कच्या शिकारीसाठी रायफल निवडताना

रॉकी पर्वतातला एल्क हा हरणांच्या कुळातला दांडगा प्राणी आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे पाच फूट उंच भरतो आणि त्याचे वजन ३०० किलोच्या वर जाते. मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास असते. आपल्याकडचे सांबर डोळ्यांसमोर आणले तर साधारण अंदाज येतो, पण एल्क त्याहूनही थोराड. काश्मीरचा हंगुल हा त्याचा जवळचा नातलग. एकट्या कोलोरॅडो राज्यात पावणेतीन लाखांच्या आसपास एल्क आहेत. उत्तर अमेरिकेत इतकी संख्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाही. शरद ऋतूत ठराविक दिवस, सरकारी परवान्यावर त्याची शिकार होते आणि मांस घरोघरच्या फ्रीजरमध्ये वर्षभर पुरते.

या शिकारीसाठी कोणती रायफल घ्यावी हा प्रश्न अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला गेला आहे. चर्चेचा बहुतेक भर काडतुसाच्या ताकदीवर असतो. खरे तर निम्मे उत्तर डोंगरच देतो. एल्क शोधायचा म्हणजे अडीच ते साडेतीन हजार मीटर उंचीवर, विरळ हवेत, दिवसभर चढ-उतार करायचा. सकाळी ऊन, दुपारी पाऊस आणि रात्री बर्फ असे एकाच दिवसात होऊ शकते. स्प्रूसच्या गर्द झाडीत जनावर पन्नास पावलांवर अचानक उभे राहते, तर उघड्या कुरणात तेच दरीपलीकडे तीनशे यार्डांवर दिसते. (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडे कमी.) गोळी चुकीच्या जागी बसली तर एवढे मोठे जनावर जखमी अवस्थेत दोन-तीन डोंगर ओलांडून जाते. सापडले तरी एका नराचे नव्वद-शंभर किलो मांस पाठीवरून किंवा खेचरावरून खाली आणावे लागते. म्हणून रायफल हलकी हवी, ओल-थंडी सोसणारी हवी आणि पहिलीच गोळी जागेवर घालणारी हवी.

या तिन्ही गोष्टी एकत्र देणारी रचना म्हणजे बोल्ट-अ‍ॅक्शन. दाराची कडी जशी वर उचलून मागे ओढतात तसा बोल्टचा दांडा उचलून मागे घेतला की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. पुढे ढकलताना मॅगझीनमधले नवे काडतूस नळीत जाते आणि दांडा खाली दाबला की बोल्टच्या टोकावरचे पोलादी कान खाचांमध्ये घट्ट बसतात. स्फोटाचा सगळा दाब या कानांवर येतो. हलणारे भाग कमी, त्यामुळे बिघाडही कमी. शिवाय बोल्ट दर वेळी त्याच जागी घट्ट बसतो, म्हणून नेम सुसंगत राहतो. या रचनेला आजचे रूप जर्मनीच्या पाउल माउझर यांच्या १८९८ च्या लष्करी रायफलीने दिले. त्यानंतर आलेल्या बहुतेक शिकारी रायफली तिचीच लेकरे किंवा नातवंडे आहेत.

माउझरच्या बोल्टवर एक लांब पोलादी नखी असते. ती काडतूस मॅगझीनमधून वर येतानाच पकडते आणि बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. १९३६ साली आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये हीच पद्धत होती. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी नखी काढून टाकली, आणि चाहते इतके नाराज झाले की ‘६४ च्या आधीची’ विंचेस्टर ही जुन्या बाजारात वेगळीच जात बनली. १९६२ च्या रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो. ही पद्धत स्वस्त, साधी आणि अचूकतेला पोषक ठरली. दोन्ही बाजूंचे लोक अजून भांडतात. आफ्रिकेत चाल करून येणाऱ्या रेड्यासमोर नखीचा भरवसा मोलाचा आहे. एल्कच्या बाबतीत मात्र हा वाद त्याच्या उपयोगापेक्षा मोठा झाला आहे. त्याऐवजी सेफ्टीचा खटका पाहावा. तीन जागांचा खटका असेल तर चाप बंद ठेवूनच नळी रिकामी करता येते, आणि घसरड्या उतारावर, सोबत माणसे असताना ही सोय फार कामाची आहे.

काडतुसांच्या बाबतीत सुरुवात .३०-०६ स्प्रिंगफील्डपासूनच करावी लागते. नळीचा व्यास इंचाच्या शंभर भागांपैकी तीस आणि अमेरिकी सैन्याने ते स्वीकारले १९०६ साली, म्हणून हे नाव. १८० ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपासची गोळी ते सेकंदाला २,७०० फूट वेगाने सोडते. शंभराहून अधिक वर्षे या काडतुसाने एल्क पाडले आहेत आणि कोणत्याही खेड्यातल्या दुकानात ते मिळते. याच काडतुसाचे तोंड आवळून १९२५ मध्ये .२७० विंचेस्टर तयार झाले. त्याची १३० ते १५० ग्रेनची गोळी हलकी पण वेगवान, आणि खांद्याला बसणारा धक्काही सौम्य. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे लेखक जॅक ओकॉनर यांनी आयुष्यभर या काडतुसाचा कैवार घेतला. एल्मर कीथ हे दुसरे नामांकित लेखक मात्र मोठ्या व्यासाच्या जड गोळीशिवाय एल्कच्या वाट्याला जाऊच नये, या मताचे. त्यांच्या वादावर अमेरिकी शिकाऱ्यांच्या दोन पिढ्या पोसल्या.

१९६२ मध्ये ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम आणि १९६३ मध्ये .३०० विंचेस्टर मॅग्नम आले, तेव्हापासून मॅग्नमचे, म्हणजे जादा ताकदीच्या काडतुसांचे, वेड पसरले. .३०० मॅग्नम तीच १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,९६० फुटांनी सोडते, म्हणजे .३०-०६ पेक्षा वेग साधारण दहा टक्क्यांनी जास्त. पण त्याच वजनाच्या रायफलीत खांद्याचा धक्का तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून अधिक वाढतो, आणि मॅगझीनमध्ये एखादे काडतूस कमी मावते. चारशे यार्डांपलीकडे मारण्याचा ज्यांचा खरा सराव आहे त्यांना हा सौदा परवडतो, बाकीच्यांना नाही. दुसऱ्या टोकाला २००७ चे ६.५ क्रीडमोर आहे. निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी जन्मलेले हे काडतूस अचूक आणि सौम्य आहे, कायद्यातही बसते. मात्र त्याच्या हलक्या गोळीने एल्क पाडायचा तर अंतर कमी ठेवावे लागते आणि तिरकस कोनातून मारण्याचा मोह आवरावा लागतो. २०२२ मध्ये आलेले ७ मिलिमीटर पीआरसी या दोन टोकांमधली जागा शोधते.

सौम्य धक्क्याचे महत्त्व मराठी वाचकाला जिम कॉर्बेटच्या उदाहरणावरून लवकर पटेल. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्यांना .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. हे काडतूस म्हणजे माउझरचे ७ बाय ५७ च, आजच्या मापाने मध्यम ताकदीचे. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ मध्ये त्यांनी याच रायफलीने मारला. बिबट्या काही एल्क नव्हे, त्यामुळे उदाहरण फार ताणू नये. पण हातात बसलेली, न दचकता चालवता येणारी रायफल काय करू शकते ते यातून दिसते.

काडतुसाच्या नावापेक्षा त्याच्या टोकावरची गोळी अधिक महत्त्वाची आहे, आणि नेमक्या याच गोष्टीकडे नवखे शिकारी दुर्लक्ष करतात. एल्कच्या खांद्याचे हाड जाड, स्नायू दाट आणि अनेकदा अंगावर चिखलाचा थर. साधी गोळी हाडावर आपटून फुटली तर हृदय-फुप्फुसांपर्यंत पोहोचतच नाही. जॉन नोस्लर यांना हा अनुभव १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात आला. चिखलाने माखलेल्या एका मूसवर (हेही हरणांच्याच कुळातले जनावर) त्यांच्या वेगवान गोळ्या वरच्यावरच फुटत राहिल्या. घरी परतून त्यांनी तांब्याच्या आवरणात मधोमध आडवी भिंत असलेली गोळी बनवली: पुढचा अर्धा भाग उमलावा, मागचा शाबूत राहून खोल शिरावा. ‘पार्टिशन’ नावाची ही गोळी १९४८ पासून विकली जाते. शिशाचा गाभा तांब्याच्या आवरणाला घट्ट जोडलेल्या गोळ्या नंतर आल्या आणि १९८० च्या दशकात बार्न्स कंपनीने निव्वळ तांब्याची गोळी आणली. तांब्याच्या गोळीला आणखी एक कारण आहे. शिशाचे बारीक कण आतड्यांच्या ढिगात राहतात आणि ते खाऊन कॅलिफोर्नियातली दुर्मिळ काँडोर गिधाडे मरतात. त्या राज्यात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. मजबूत गोळी घातलेले .२७० हे ठिसूळ गोळीच्या .३०० मॅग्नमपेक्षा एल्कसाठी निश्चित चांगले.

वजनाचा हिशेब जरा अवघड आहे. दुर्बीण, पट्टा आणि काडतुसे धरून साडेतीन किलोच्या आसपासची रायफल डोंगरात बरी पडते. अडीच किलोच्या रायफलीही मिळतात आणि दुकानात त्या हातात घेताना मोहक वाटतात. पण रायफल जितकी हलकी तितका तोच धक्का अधिक जोराने बसतो, आणि धापा टाकत असताना हलकी नळी स्थिर राहत नाही. दोन-चार दणके बसले की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि खांदा आखडतो. ही सवय मोडायला महिने लागतात. नळीच्या तोंडावर छिद्रांचा ब्रेक बसवला की धक्का बराच कमी होतो, पण आवाज इतका वाढतो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्याही कानांना इजा होऊ शकते. धक्का कमीच हवा असेल तर लहान काडतूस घेणे हाच सरळ उपाय.

अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता देखणा असतो, यात वाद नाही. मात्र ओल लागली की तो फुगतो, नळीला टेकतो आणि नेम सरकवतो. फायबरग्लासचा किंवा कार्बन फायबरचा दस्ता आणि गंज न धरणारी नळी डोंगरासाठी योग्य. दस्ता आणि नळी यांच्यामध्ये कागद सहज सरकेल इतकी फट असावी. .३०-०६ साठी २२ इंची आणि मॅग्नमसाठी २४ इंची नळी पुरते. त्याहून लांब नळी झाडीत अडकते. चाप सुमारे सव्वा ते दीड किलोच्या ओढीवर, न घरंगळता सुटला पाहिजे. शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचाच्या वर्तुळात पडल्या तरी एल्कसाठी ती अचूकता भरपूर आहे, कारण त्याचे हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र फूटभराहून रुंद असते. आजच्या मध्यम किमतीच्या रायफलीही याहून चांगल्या निघतात, म्हणून महागड्या नळीवरचे पैसे दुर्बिणीकडे वळवावेत.

रायफलीवरच्या दुर्बिणींत तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, चाळीस मिलिमीटर भिंगाची रचना जुनी झाली तरी अजून पुरेशी आहे. डोळ्यापासून साडेतीन इंच अंतर ठेवून पूर्ण चित्र दिसावे, नाहीतर चढावर मारताना धातूची कड भुवईत घुसते. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी दोनशे यार्डांवर नेमकी बसवली तर तीनशे यार्डांवर ती वीसेक सेंटिमीटर खाली पडते आणि चारशेवर दोन फूट. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वाराही तीनशे यार्डांवर तिला सहा-सात इंच ढकलतो. हे आकडे पाहिले की सामान्य माणसासाठी तीनशे यार्डांची मर्यादा का सांगतात ते कळते. तीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपट असते, त्यामुळे गोळी किंचित वर लागते. हा फरक इंच-दोन इंचांचा. प्रवासात दुर्बिणीला बसलेला धक्का त्याहून जास्त घोळ घालतो, तेव्हा तळावर पोहोचताच दोन-तीन गोळ्या झाडून नेम तपासणे आवश्यक आहे. कडाक्याच्या थंडीत बोल्टमधले तेल घट्ट होते. ते पुसून बोल्ट जवळजवळ कोरडा ठेवतात.

खरेदीआधी कायदा पाहणे अपरिहार्य. कोलोरॅडोत एल्कसाठी नळीचा व्यास किमान .२४ इंच, गोळी उमलणारी आणि किमान ८५ ग्रेनची, आणि शंभर यार्डांवर तिची ऊर्जा किमान १,००० फूट-पौंड असावी लागते. अंगावर ठरलेल्या आकाराचा भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा आहे, आणि १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. प्रत्येक रायफल आणि काडतुसावर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने ११ टक्के कर आहे. तो पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार बंद आहे. अमेरिकेत नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तिथल्या संघराज्याच्या कायद्याने अशा व्हिसाधारकांना बंदूक बाळगण्यास मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्यातला एक अपवाद आहे, म्हणून आधी परवाना काढावा आणि मगच दुकानात जावे.