सीमंताचे ताट आणि साखरेची तपासणी

आमच्या सुप्याकडे सातवा लागला की ओटी भरतात. कन्नड सोयरे त्याला सीमंत म्हणतात. नाव कोणतेही असो, ताट गोडाचेच. ‘दोन जिवांची आहे, खाऊ द्या’ हे दोन्ही भाषांत ऐकू येते.

माझ्या भाचीला आठव्यात सारखी तहान लागे, गळून गेल्यासारखे वाटे. ‘या दिवसांत होतेच’, असे घरच्यांचे मत. तपासणीत साखर वाढलेली निघाली. वास्तविक गरोदरपणातल्या मधुमेहात बहुतेकींना काहीच जाणवत नाही. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव घटतो, आईची जादा साखर बाळाकडे जाते आणि बाळ प्रमाणाबाहेर वाढते. म्हणून पहिल्याच भेटीत व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत तपासावे, असे सरकारी मार्गदर्शिका सांगते. पाण्यातून ७५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा वर आला तर मधुमेह. यासाठी उपाशी यावे लागत नाही. रानवाटेने येणाऱ्या बाईला ही केवढी सोय!

भाचीने भात सोडला नाही, वाटीने मोजला. सोबत डाळ, उसळ, पालेभाजी. आपली कंदमुळेही भाताच्याच हिशेबात धरायची. दोन आठवड्यांत साखर उतरली नाही, तेव्हा इन्सुलिन सुरू झाले. ‘आता जन्माची सुई’ म्हणून आमची आई रडली. बाळंतपणानंतर बहुतेकींची सुई थांबते. मात्र सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचे.

डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल मंदावणे, हे मात्र ‘होतेच’ नव्हे. त्याच घटकेला १०८ ला फोन करावा. रेंज नसलेल्या वाडीत जीप कोणाची, हे आठव्यातच ठरवून ठेवावे.