मोटारीच्या मांडवाला भिंती घालताना

मोटारीला निवारा पुरे की तिला घरच हवे, या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर १९३६-३७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन या शहरी दिले गेले. हर्बर्ट जेकब्स नावाच्या एका वृत्तपत्रव्यवसायी गृहस्थासाठी फ्रँक लॉईड राईट या नामांकित वास्तुशिल्पज्ञाने तेथे सुमारे साडेपाच हजार डॉलरांत एक आटोपशीर घर उभारले. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी जी काटछाट करावी लागली, तीत मोटारखान्याचा बळी गेला. मोटार म्हणजे काही घोडा नव्हे, मग तिला पागा कशाला, असा राईटचा युक्तिवाद होता. त्याने घराचेच छप्पर पुढे ओढून मोटारीवर जणू मांडव घातला. ‘कारपोर्ट’ हे त्याचे नाव राईटमुळेच रूढ झाले. तसा आडोसा वॉल्टर बर्ली ग्रिफिन याने इलिनॉयमध्ये १९०९ च्या सुमारासच योजला होता, असे वास्तुकलेचे इतिहासकार सांगतात. हा ग्रिफिन पुढे ग्रंथालयाच्या इमारतीच्या कामासाठी लखनौस आला आणि १९३७ मध्ये तेथेच वारला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिण व पश्चिम भागांत जी बैठी घरे उठली, त्यांतील पुष्कळांना असे मांडव लाभले. हवा उबदार असे, आणि भिंती व दरवाजा यांचा खर्च वाचे. परंतु घराचा मालक बदलतो, गरजाही बदलतात. गारांनी मोटारीचा पत्रा पोचतो, अवजारे चोरीस जातात, आणि मांडवाला भिंती घालून त्याचा मोटारखाना करावा असा विचार मनात येतो. छप्पर आहे, खांब आहेत, खाली काँक्रीट आहे. राहिले काय, तर तीन भिंती आणि एक दरवाजा! अमेरिकेत जुने घर घेणारी मराठी कुटुंबेही हाच हिशेब मांडीत असतील.

हा हिशेब चुकतो तो एका ठिकाणी. मांडवाची मोकळी बाजू म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हे. वारा, पाणी आणि मोटारीचा धूर या तिघांची ती वाट असते, आणि त्या वाटेच्या भरवशावरच बाकीचे बांधकाम स्वस्तात उरकलेले असते. अमेरिकेतील बहुतेक राज्ये ज्या निवासी बांधकाम-संहितेचा आधार घेतात, तिने ही गोष्ट नेमकी हेरली आहे. किमान दोन बाजू उघड्या असतील तरच तो कारपोर्ट. नाहीपेक्षा तो मोटारखाना समजावा व त्याचे सर्व नियम त्यास लागू करावे, असे ती सांगते.

प्रथम पायाचे पाहू. मांडवाचे खांब सुट्या चौथऱ्यांवर किंवा कधी कधी नुसत्या काँक्रीटवरच उभे असतात. सलग भिंतीला मात्र सलग पाया लागतो, आणि चार इंच जाडीची लादी म्हणजे पाया नव्हे. थंड प्रदेशात जमिनीतले पाणी गोठते, फुगते आणि वरचे बांधकाम उचलते. म्हणून विस्कॉन्सिनमध्ये पाया चार फूट खोल न्यावा लागतो. लादीच्या कडेला चर खणून नवा पाया भरणे हे या सर्व कामातील सर्वांत कंटाळवाणे काम होय, आणि नेमके तेच टाळण्याकडे मालकाचा कल असतो.

मांडवाची लादी बहुधा जमिनीच्या पातळीला टेकलेली असते व तिला बाहेरच्या बाजूस उतार असतो. पावसाची झड आत आली तर ती निथळून जाते. त्या लादीवर थेट लाकडी भिंत उभी केली, तर भिंतीचा तळ कायम ओलाव्यात राहतो आणि काही वर्षांत वाळवी व बुरशी आपले काम करतात. यावर उपाय म्हणजे भिंतीखाली सहा ते आठ इंच उंचीचा काँक्रीटचा कट्टा घालावा व त्याचा माथा सपाट ठेवावा. असे न केल्यास उतारामुळे भिंतीतील प्रत्येक उभा वासा निराळ्या मापाने कापावा लागतो, हे सुताराला लवकरच कळते. कट्ट्यावर कुजू न देणाऱ्या औषधात मुरविलेली लाकडी पट्टी बसवून ती अर्धा इंच व्यासाच्या बोल्टांनी, सहा फुटांहून अधिक अंतर न सोडता, जखडली जाते. लादीचा उतार दरवाजाकडे असेल तर ठीक. तो नव्या भिंतीकडे असेल, तर टायरांवरून गळणारे बर्फाचे पाणी तेथेच तुंबणार. लादीऐवजी डांबर असेल तर तेही चालत नाही. मांडवाखाली डांबराला मुभा आहे. मोटारखान्याची जमीन मात्र न जळणारी असावी लागते.

वाऱ्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. मोकळ्या मांडवात वारा खालून छप्पर उचलू पाहतो; म्हणून खांब छपराला जितके पेलतात, तितकेच ते त्याला खाली धरूनही ठेवतात. भिंती आल्या की वारा त्यांच्यावर आडवा आदळतो. अशा वेळी सर्वांत दुबळी बाजू दरवाजाची, कारण तेथे दोन्हीकडे अरुंद पट्ट्यांखेरीज भिंत अशी नसतेच. दोन मोटारींचा दरवाजा सोळा फूट रुंदीचा. त्यावर भक्कम तुळई हवी आणि बाजूच्या पट्ट्यांना तिरपा जोर सहन करण्याजोगे प्लायवुडचे अस्तर हवे. १९९२ च्या ऑगस्टमध्ये ‘अँड्र्यू’ या चक्रीवादळाने दक्षिण फ्लॉरिडा झोडपून काढले, तेव्हा मोटारखान्याचा दरवाजा आधी आत कोसळला, वारा घरात कोंडला आणि त्याने छप्पर आतून उडविले, असा प्रकार अनेक घरांबाबत आढळून आला. त्या धड्यांनंतर तेथील नियम कडक झाले व २००२ पासून सबंध राज्याला एकच संहिता लागू झाली. वादळी किनाऱ्यावर म्हणूनच दुबळ्या दरवाजाच्या मोटारखान्यापेक्षा मोकळा मांडव बरा.

तथापि खरा धोका घराच्या आतल्या बाजूस असतो. जुन्या बैठ्या घरांत एखाद्या शयनगृहाची खिडकी मांडवाखाली उघडते. मांडव मोकळा असेतोवर त्या खोलीला उजेड, वारा आणि आगीच्या वेळी निसटण्याची वाट मिळते. भिंती घातल्या की तीच खिडकी पेट्रोल व धूर असलेल्या बंद खोलीत उघडू लागते. मोटारखान्यातून शयनगृहात उघडणारे दार वा खिडकी संहितेला मुळीच मान्य नाही. ती बुजवावी, तर त्या खोलीला सुटकेची दुसरी खिडकी हवी. आणि दुसरी बाहेरची भिंतच नसेल, तर ती खोली निजण्यास योग्य उरत नाही. एक मोटारखाना मिळविण्यासाठी एक शयनगृह गमावले, असा हा व्यवहार! तो वासे आणण्यापूर्वीच लक्षात आलेला बरा. राहते घर व मोटारखाना यांमधील भिंतीला अर्धा इंच जाडीचा जिप्समचा तक्ता बसवावा लागतो, दार भरीव लाकडाचे लागते, आणि दोहोंवरून सलग गेलेला पोटमाळा मधोमध छपरापर्यंत बंद करावा लागतो. ही शेवटची गोष्ट खालून दिसत नाही म्हणून ती राहून जाते.

मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला चिकटते, त्यामुळे माणूस गुदमरतो आणि त्याला ते कळतही नाही. आयोवा राज्य विद्यापीठाच्या मोजणीत, दरवाजा उघडा ठेवून थंड मोटार केवळ दोन मिनिटे चालविली असता मोटारखान्यातील या वायूचे प्रमाण दशलक्षात ५०० भागांपर्यंत चढले, आणि मोटार बाहेर काढल्यावर दहा तासांनीही तो तेथे आढळला. मांडवाखाली हाच धूर वाऱ्याबरोबर निघून जात असे. सकाळी मोटार ‘तापविण्याची’ मांडवातली सवय नव्या भिंतींआड चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. घरात या वायूची सूचना देणारी घंटा लावणे यासाठीच आवश्यक ठरले आहे.

मांडवाच्या मागच्या टोकाला असलेल्या कोठडीत गॅसवर चालणारा पाण्याचा बंब असतो, तोही विसरता कामा नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणून बंबाची ज्योत जमिनीपासून अठरा इंच वर घ्यावी लागते. शिवाय, मांडवातून त्याला मिळणारी हवा भिंतींनी तोडली असल्यास ती बाहेरून निराळी आणून द्यावी लागते.

बाकीच्या बाबी त्या मानाने किरकोळ. शेजाऱ्याची हद्द पाच फुटांच्या आत असेल तर त्या बाजूची भिंत तासभर आगीला तोंड देणारी हवी. वर सरकणाऱ्या दरवाजाच्या रुळांना माथ्यावर साधारण फूटभर जागा लागते, आणि राईटच्या धर्तीच्या बुटक्या छपराखाली ती मिळतेच असे नाही. दरवाजा विजेवर चालणारा असल्यास, मध्ये मूल आले की उलट फिरण्याची सोय त्यात असते. अमेरिकेत १९९३ पासून बनलेल्या यंत्रांना ती सक्तीची आहे.

मुंबई-पुण्याकडील बंगल्यांच्या पोर्चला भिंती घालणाऱ्यांना गोठणाऱ्या जमिनीची काळजी नाही; खिडकीची आणि धुराची मात्र तितकीच आहे.

हा सारा खर्च जड वाटणाऱ्या काही मालकांनी मधला मार्ग पत्करलेला दिसतो. ज्या बाजूने गारा व झड येते, तेवढ्याच बाजूला ते पडदीची भिंत घालतात, मागच्या कोठडीला भक्कम कुलूप लावून अवजारे तेथे ठेवतात, आणि दोन बाजू उघड्या सोडतात. कायद्याने तो मांडवच राहतो, आणि शयनगृहाची खिडकीही पूर्वीसारखी उघडता येते.