अंदमान: ज्वालामुखी, वाळू आणि त्रिशंकू

देहूजवळच्या भंडारा डोंगराचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. जागृत ज्वालामुखी मात्र देशात एकच, अंदमानातलं बॅरन बेट. दीर्घ शांततेनंतर 1991 मध्ये ते पुन्हा धगधगलं. तिथे उतरता येत नाही. ते बोटीतूनच पाहायचं.

बाराटांगचे चिखल-ज्वालामुखी जवळून दिसतात, पण तिथे लाव्हा नाही. जमिनीखालच्या वायूनं वर ढकललेला गार चिखल! थोडा हिरमोडच होतो.

मराठी सहली सेल्युलर जेल पाहून स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर रमतात. खरी चैन त्यानंतरची. हिवाळ्यात पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो आणि चाकण पट्ट्याच्या दिव्यांत हरवणारे तारे इथे लख्ख दिसतात. त्रिशंकू हा तारकासमूह पाहायला एप्रिल गाठावा. इथे तो देहूपेक्षा सुमारे 7 अंश वर असतो. तारीख अमावास्येजवळची निवडा.