सागरतळाकडे निघताना

१९७७ च्या फेब्रुवारीत ‘नॉर’ हे अमेरिकन संशोधन-जहाज गॅलापागोस बेटांनजीकच्या सागरी भेगेकडे निघाले, तेव्हा त्यावर भूशास्त्रज्ञ होते, रसायनशास्त्रज्ञ होते. जीवशास्त्रज्ञ मात्र एकही नव्हता. तो बरोबर घेण्याचे कारणच कोणास दिसले नव्हते. अडीच हजार मीटर खोलीवर, जेथे सूर्यकिरण पोचत नाही, तेथे पाहण्याजोगे जीवन कोठले असणार? शोध घ्यावयाचा होता तो समुद्रतळातून उसळणाऱ्या उष्ण झऱ्यांचा. भूपट्ट जेथे एकमेकांपासून दूर सरकतात तेथे सागराचे पाणी फटींतून खाली झिरपते, शिलारसाच्या सान्निध्याने तापते आणि खडकांतील धातू विरघळवून पुन्हा वर येते, असा तर्क होता.

तर्क खरा ठरला. पण झऱ्यांभोवती दाटीवाटीने वसलेले मोठाले शिंपले आणि नळ्यांत राहणारे लांबलचक कृमी पाहून पाणबुडीतील मंडळी थक्क झाली. नमुने टिकविण्यास पुरेसे फॉर्मॅलिनही जहाजावर नव्हते. पनामात खरेदी केलेली रशियन व्होडका त्या कामी आली! (मद्याचा इतका सदुपयोग क्वचितच झाला असेल.) हे सारे जीवन सूर्यप्रकाशावर नव्हे, तर हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळविणाऱ्या जीवाणूंवर पोसलेले आहे, हे पुढे सिद्ध झाले.

ही हकीकत आज आठवण्यास कारण आहे. २०१६ साली भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागराच्या १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात बहुधातू सल्फाइडांच्या अन्वेषणाचा हक्क मिळविला. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील एका जागृत विवराचे छायाचित्र मिळविले. ही कामगिरी निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु करार खनिजांचा आहे, हे विसरून चालणार नाही. तांबे, जस्त व सोने ज्या धुराड्यांत साठते, तीच धुराडी या जीवांचे घर असते.

थंडावलेल्या विवरांतूनच खनिज काढावे, जागृत विवरांना हात लावू नये, असा मध्यममार्ग सुचविला जातो. तो वाजवी वाटतो खरा. पण खोदकामाने उठणारा गाळ प्रवाहाबरोबर कोठवर जाईल, याचा विचार त्यात पुरेसा नाही. पायावर लोहसल्फाइडचे खवले वागविणारी एक गोगलगाय २००१ साली हिंदी महासागराच्या तळाशी आढळली. नियोजित खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये तिची संकटग्रस्त प्राण्यांत नोंद झाली. तेव्हा तिच्या वसतिस्थानी खाणकाम सुरूही झालेले नव्हते.

आज अशा सफरींत जीवशास्त्रज्ञास जागा मिळते. खाणीचा परवाना देण्याची वेळ येईल तेव्हा त्याच्या ‘थांबा’ या शब्दाला किती वजन राहील, हे मात्र सफरीपूर्वीच नियमांत लिहून ठेवले पाहिजे. प्रत्येक मोहिमेतील जैविक नोंदी सर्वांस खुल्या कराव्यात, आणि त्या अपुऱ्या असतील तेथे उत्खननाचा अर्ज विचारातच घेऊ नये.