हॉर्न दिला होता ना!

नाहूर हे मध्य रेल्वेवरचे भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले स्टेशन. ते २००६ साली सुरू झाले, त्यामुळे पुष्कळ जुन्या मुंबईकरांनाही त्याचे नाव पटकन आठवत नाही. माझा दवाखाना स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी दारात रिक्षा थांबली आणि विशीतला एक मुलगा धावत आत आला. "डॉक्टर, लवकर चला, आजी पडल्यात."

रिक्षात आमच्या शेजारच्या इमारतीतल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी होत्या. मांडीवर भाजीची पिशवी तशीच होती. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते. असे दिसले की खुब्याचे हाड मोडले असे समजावे. (अशा माणसाला उचलून रिक्षात घालू नये. जागेवरच आडवे ठेवून १०८ ला फोन करावा. पण घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही, त्याला दोष देता येत नाही.) पायाला आधार बांधून मी त्यांना रुग्णालयात पाठवले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली.

तो मुलगा वाईट नव्हता. धडक देऊन पळून गेला नाही, रिक्षाचे भाडे त्याने दिले, रात्री उशिरापर्यंत रुग्णालयात बसून राहिला. पण माझ्याकडे, आजींच्या मुलाकडे, नंतर आलेल्या पोलीस हवालदारांकडे, सगळ्यांकडे तो एकच वाक्य बोलत होता. "मी हॉर्न दिला होता ना! दोनदा दिला होता."

हॉर्न त्याने दिला असणार, याविषयी मला शंका नाही. तो स्कूटरवरून राँग साइडने येत होता. पुढच्या वळणावरून यायचे तर वळसा पडतो, म्हणून आमच्या भागात निम्मे दुचाकीवाले असेच येतात. आजींनी नियमाप्रमाणे उजवीकडे पाहिले, गाडी नव्हती, पाऊल टाकले. स्कूटर डावीकडून आली.

त्या मुलाला ठाऊक नव्हते आणि मला तीन वर्षांपासून ठाऊक होते, ते असे, की आजींना कमी ऐकू येते.

साठीनंतर ऐकणे मंदावते तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. घरात बोललेले ऐकू येते, म्हणून घरच्यांना वाटते की कान ठीक आहेत. पण गोंगाटातून नेमका एक आवाज वेगळा काढणे आणि तो कोणत्या दिशेने आला हे ओळखणे, या दोन गोष्टी फार लवकर बिघडतात. दिशा ओळखण्यासाठी मेंदू दोन्ही कानांवर आवाज पोहोचण्यातला सूक्ष्म फरक मोजत असतो. एक कान अधिक अधू झाला की हा हिशेब चुकू लागतो. अशा माणसाला हॉर्न ऐकू आला तरी कोणीकडून आला ते कळत नाही. तो दचकतो आणि आहे तिथेच थबकतो, किंवा नेमका चुकीच्या बाजूला सरकतो. गाडीवाला म्हणतो, "म्हातारी मधेच थांबली!"

दुसरी गोष्ट चालण्याच्या वेगाची. पादचाऱ्यांच्या सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे पुष्कळ देशांत धरले जाते. सत्तरी ओलांडलेल्या अनेकांचा वेग ०.८ ते ०.९ मीटरच असतो. चौदा मीटर रुंदीचा रस्ता तरुण माणूस बारा सेकंदांत ओलांडतो, तर आजींना सतरा-अठरा सेकंद लागतात. मधल्या पाच-सहा सेकंदांत सिग्नल सुटतो, आणि सिग्नल सुटल्याबरोबर मागचे सगळे हॉर्न एकदम सुरू होतात. तुम्ही घड्याळ लावून पाहा, हिरवा दिवा लागल्यावर पहिला हॉर्न वाजायला एक सेकंदही लागत नाही.

खुब्याचे हाड मोडणे ही म्हातारपणी साधी गोष्ट नव्हे. हाड जुळते, पण माणूस अंथरुणाला खिळतो, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी होते. जगभरच्या पाहण्यांत असे आढळते की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांत एक किंवा त्याहूनही अधिक माणसे वर्षभरात दगावतात. म्हणून शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर करून रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उभे करतात. नातेवाइकांना वाटते, डॉक्टर निर्दय आहेत. पण त्यातच रुग्णाचे हित असते.

वाचकहो, तुम्ही म्हणाल की मुंबईच्या गर्दीचे हे रडगाणे आम्हाला कशाला? पण मी स्वतः तालुक्याच्या गावचा आहे आणि वर्षातून दोनदा गावी जातो. एसटी स्टँडसमोरचा चौक, आठवडा बाजाराचा दिवस, शाळा सुटायची वेळ, या ठिकाणी मला नाहूरपेक्षा वेगळे काही दिसत नाही. फरक असला तर इतकाच, की तिथे फुटपाथही नाही. आमच्याकडे एका बाजूला लाल बहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, त्याच्यावर मेट्रो चारचे खांब, दुसऱ्या बाजूला गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता. कधीकाळी कारखाने होते तिथे आता टॉवर आहेत आणि प्रत्येक टॉवरखाली दोन-तीन मजले गाड्या. रस्ता मात्र होता तेवढाच राहिला, आणि ही कसर सगळेजण हॉर्नने भरून काढतात.

आता हॉर्न वाजवणाऱ्याच्या प्रकृतीविषयी. तो स्वतः रोज किती हॉर्न ऐकतो याचा विचार करत नाही. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा अवयव असतो. त्यात केसांसारखी टोके असलेल्या पंधरा-सोळा हजार नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाच्या माऱ्याने त्या मरतात, आणि एकदा मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला तो अवघा पंधरा मिनिटे उरतो. जवळून वाजलेला हॉर्न नव्वद ते एकशे दहा डेसिबलपर्यंत जातो. रिक्षाला दारे नाहीत, दुचाकीला तर काहीच नाही. माझ्याकडे येणारे रिक्षावाले टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, कानात सतत किर्रर्र वाजते अशी तक्रार करतात, तेव्हा वयाचा दाखला पाहिला तर पंचेचाळीस!

कानापेक्षा हृदयाचे दुखणे अधिक गंभीर. अचानक कर्कश आवाज झाला की शरीर तो धोका समजते. ॲड्रेनलिन रक्तात उतरते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. ही योजना वाघ दिसला तर पळता यावे म्हणून आहे. गाडीत बसलेल्या माणसाला पळायचे नसते, तो जागेवरच तापत राहतो.

माझे एक रुग्ण, वय चव्वेचाळीस, विक्रीप्रतिनिधी. रोज दुचाकीवरून पवईमार्गे अंधेरीला जातात. एकदा संध्याकाळी परस्पर दवाखान्यात आले, हातात हेल्मेट, चेहरा लाल. वाटेत एका टेम्पोवाल्याने कट मारला होता आणि वर शिवीही दिली होती. ते सगळे मला सांगत असतानाच मी रक्तदाब मोजला : १६८/१०२. गोळीचा डोस वाढवायला पेन हातात घेतलेही. मग म्हटले, थांबावे. त्यांना आतल्या बाकावर गप्प बसवले, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजला : १३८/८६. घाईत मी त्यांना नसती गोळी वाढवून दिली असती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना त्यांना चक्कर आली असती. म्हणून रस्त्यावरून आल्या आल्या रक्तदाब कधी मोजू नका. निदान पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, बोलू नका, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. डॉक्टर घाईत असले तर तुम्हीच सांगा.

पण यातून "मग माझे बीपी खरे नाहीच" असा अर्थ कोणी काढू नये. जो माणूस रोज तीन तास रस्त्यावर असतो, त्याचा दाब तेवढा वेळ चढलेलाच असतो, आणि त्याच्या रक्तवाहिन्यांना तो खराच असतो. अशांनी घरी सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजून आकडे वहीत लिहून आणावेत.

हृदयविकाराचा झटका आलेल्या १६२३ रुग्णांची अमेरिकेत विचारपूस झाली होती. तिचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत झटका येण्याची शक्यता एरवीच्या दुपटीहून थोडी अधिक आढळली. २००४ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्ग भागातली पाहणी आली, ६९१ रुग्णांची. त्यात रहदारीत घालवलेल्या वेळेनंतरच्या एका तासात झटक्याची शक्यता जवळजवळ तिप्पट दिसली. मोटार असो, सार्वजनिक वाहन असो की सायकल, फारसा फरक नव्हता. हे धुरामुळे, आवाजामुळे की मनस्तापामुळे, ते मात्र त्या पाहणीतून वेगळे काढता आले नाही. धडधाकट तिशीतल्या माणसाने यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याचा मूळ धोका फार थोडा असतो, त्याची तिप्पटही थोडीच होते. पण ज्याला आधीच मधुमेह आहे, दाब आहे, जो सिगारेट ओढतो, त्याने टेम्पोवाल्याशी भांडायला गाडी बाजूला घेण्यापूर्वी हे दोन आकडे आठवावेत.

एक कबुलीही देऊन टाकतो. दोन वर्षांपूर्वी नाहूरच्या रेल्वेवरील पुलाच्या तोंडाशी पुढची गाडी हलेना. मला घरी जायची घाई होती. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. शेवटी पुढचे दार उघडले आणि एक गृहस्थ दोन्ही हात जोडत उतरले. "गाडी बंद पडलीय हो." मग माझ्याकडे पाहून, "अरे, डॉक्टर, तुम्ही?" माझेच रुग्ण! हृदयाची तक्रार असलेले. राग आवरा, असे आदल्याच महिन्यात मी त्यांना ऐकवले होते. खाली उतरून गाडी ढकलली. मनगटावर बोट ठेवून पाहिले, माझी नाडी मिनिटाला ११२ होती आणि त्यातले किती ढकलण्याचे नि किती शरमेचे, सांगता येणार नाही.

कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येते. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे. ट्रकच्या मागचे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्राने २०१५ सालीच बंदी केली. ते अजून दिसते, ही गोष्ट निराळी. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलांना आवाज मोजण्याचे यंत्र जोडले होते. २०२० च्या सुरुवातीला त्याची चित्रफीत खूप गाजली. गोंगाट ८५ डेसिबलपुढे गेला की तांबडा दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू! मला हा उपाय फार आवडला होता. लोक एकमेकांनाच गप्प करू लागले होते.

पण तोपर्यंत आपण आपले पाहावे. साठीनंतर एकदा तरी कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, करून घ्या. घरातली वडीलधारी माणसे टीव्ही मोठा लावू लागली की त्यांच्यावर खेकसू नका, कान दाखवा. रस्ता ओलांडताना त्यांना दोन्हीकडे पाहायला सांगा, एकेरी रस्ता असला तरीसुद्धा, कारण राँग साइडवाल्यांचा भरवसा नाही. रात्री फिकट रंगाचे कपडे घालावेत. आणि गाडी चालवणाऱ्यांनी पांढरे केस दिसले की बोट हॉर्नवर नेण्याआधी पाय ब्रेकवर न्यावा. राग आलाच तर श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडा, असे आठ-दहा वेळा. नाडी खाली येते. मी आता सिग्नलला हेच करतो. शेजारचा गाडीवाला विचित्र नजरेने पाहतो, पाहू द्यावे.

आजी बऱ्या आहेत. वॉकर धरून इमारतीच्या फाटकापर्यंत येतात. त्यांच्या मुलाने मागच्या महिन्यात चांगले श्रवणयंत्र घेऊन दिले. काल भेटल्या तेव्हा ते कानात नव्हते. मी विचारले, "आजी, यंत्र कुठंय?"

त्यांनी पदराची गाठ दाखवली. "घरात घालते रे. फाटकाशी आले की काढते. ते हॉर्न इतके मोठ्यानं वाजतात त्यात, की जीव नको होतो."