डुक्कर बागेत, शिकारीची मागणी अभयारण्यात

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर पट्ट्यात केळीची नवी लागण झाली की पहिले दोन-तीन महिने धाकधुकीचे असतात. रोपाने अजून जमीन धरलेली नसते आणि ठिबकमुळे बुडाशी माती ओली, भुसभुशीत असते. रानडुकरांचा कळप शिरला की ओळ धरून उकरत जातो. सगळी रोपं तो खातो असंही नाही. मुळं, किडे, गांडुळं शोधताना रोप आडवं पडतं, ठिबकची नळी फाटते आणि सकाळी मोटर चालू केली की पाणी भलतीकडेच वाहत सुटतं. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग असो की पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग, दोन्हीकडे हीच तऱ्हा. शेजारच्या मक्यात तर कणसं भरली की कळप मुक्कामालाच येतो.

मग पारावर बोलणं निघतं: जंगलात डुकरं फार झाली, यावल अभयारण्य शिकारीला उघडा. परदेशात सरकारी उद्यानांत परवाने काढून शिकार होते, मग आपल्याकडे का नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र कायदा जमिनीच्या कोणत्या तुकड्याकडे कसा पाहतो, हे समजल्याशिवाय लागत नाही.

आधी अभयारण्य. चिनावल, खिरोदा मागे टाकून पालच्या वाटेने वर चढलं की सातपुड्यात यावल अभयारण्य लागतं. ते 1969 सालचं, क्षेत्र सुमारे 177 चौरस किलोमीटर, उत्तरेला मध्य प्रदेशाचं जंगल. देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा त्यानंतर, 1972 साली आला. सुरुवातीला या कायद्यातही परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता येत होती. 1991 च्या दुरुस्तीने ते परवाने बंद झाले. आज अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते आणि ती कशासाठी मिळते ते कायद्यात लिहिलेलं आहे: अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, पर्यटन, तिथल्या रहिवाशांशी कायदेशीर कामकाज. शिकार त्या यादीत नाही. हत्यार आत न्यायचं तर वेगळी लेखी परवानगी.

आत एखादा प्राणी मारायचाच झाला तर कलम 29 आडवं येतं. तिथल्याच वन्यजीवांच्या भल्यासाठी आणि व्यवस्थापनासाठी ते आवश्यक आहे, अशी राज्य सरकारची वन्यजीव मंडळाशी सल्लामसलत करून खात्री पटली, तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात. बाहेरच्या केळीचं नुकसान हे कारण तिथे चालत नाही. आदिवासींचे वनहक्क मान्य करणाऱ्या 2006 च्या कायद्यानेही जंगलातले पारंपरिक हक्क देताना शिकारीचा हक्क नाव घेऊन वगळला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या तडवी-पावरांना जे मिळालं नाही, ते सावद्याच्या बागायतदाराला मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

शेताचं गणित वेगळं आहे आणि पारावर ते फारसं कुणी सांगत नाही. रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे आपलं रोही, 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये आहेत. या अनुसूचीतला प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरला, तर कलम 11 नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नमूद करून त्याच्या शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतो. उभं पीक मालमत्तेत धरलं जातं, जमीन कुणाचीही असो. महाराष्ट्राने 2015 साली शासन निर्णय काढून रानडुक्कर आणि रोह्याबाबत ही वाट खुली केली. शेतकऱ्याला त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचं नागपूरचं कार्यालय गाठावं लागू नये, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, आपल्या बोलण्यातल्या रेंजरकडे, अर्ज करता यावा असा हेतू होता.

बिबट्या अनुसूची एकमध्ये येतो. त्याला मारायचं तर तो माणसाच्या जिवाला धोका ठरलेला हवा, पिकाचं किंवा बकरीचं कारण पुरत नाही, आणि निर्णय थेट मुख्य वन्यजीव रक्षकांचा. 2017 च्या डिसेंबरात चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठचा नरभक्षक बिबट्या मारला गेला, तो याच वाटेने, अनेक बळी गेल्यानंतर.

कायद्याने दार उघडलेलं असताना बागेतली डुकरं कमी का होत नाहीत? पहिला अडसर बंदुकीचा. परवाना कागदावर मिळाला तरी गोळी झाडायला शस्त्रपरवानाधारक माणूस लागतो आणि गावात असे किती निघतात? अभयारण्याच्या 10 किलोमीटर परिघात तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना देताच येत नाही आणि जुन्या परवानाधारकालाही नाव नोंदवावं लागतं. पायथ्याची गावं, जिथे त्रास सगळ्यात जास्त, नेमकी याच परिघात सापडतात. दुसरा अडसर रात्रीचा. डुक्कर येतं अंधारात आणि केळीच्या बागेत दहा फुटांपलीकडे दिवसासुद्धा नीट दिसत नाही. पानाआड डुक्कर आहे की दारे धरायला आलेला सालदार, हे न कळता चाप ओढणारा माणूस मला तरी माझ्या बांधावर नको.

मारलेलं डुक्कर सरकारजमा होतं हेही लक्षात ठेवायला हवं. ज्याच्या शेतात पडलं त्याचा त्यावर हक्क नाही. मांस वाटून घेतलं की परवानगीने केलेल्या कामाचाही गुन्हा होतो.

परदेशाचा दाखला तोडून घेतला की फसगत होते. अमेरिकेत बऱ्याच राज्यांच्या उद्यानांत ठरावीक हंगामात शिकार चालते. तिथे 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला, म्हणजे शिकारीच जंगलाच्या खर्चाचा एक भाग उचलतो. शिवाय पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांतून लांडगे आणि मोठी मांजरं माणसाने केव्हाच संपवली. हरणं बेसुमार वाढली, कोवळी झाडं वर येईनाशी झाली, तेव्हा शिकाऱ्याला लांडग्याच्या जागी उभं करावं लागलं. आपल्याकडे ती जागा रिकामी नाही. बिबट्या आहे, आणि मुक्ताईनगर तालुक्यातल्या वढोद्याच्या जंगलात वाघाचा वावर आहे. डुक्कर हे त्यांचं खाणं. आतली डुकरं आपण मारली तर तो बिबट्या खिरोद्याच्या गोठ्याकडे पाहायला लागेल, आणि त्याला हात लावायची सोय कायद्याने किती कमी ठेवली आहे ते वर आलंच आहे.

पण मला सगळ्यात वजनदार वाटतो तो मुद्दा साधा आहे. सावद्याच्या बागेत येणारं डुक्कर बहुतेक वेळा अभयारण्यातलं नसतंच. ते तापीकाठच्या घळींत, नाल्यातल्या काटेरी बाभळीत, उसात, नाहीतर केळीच्या बागेतच दिवस काढतं. बारमाही पाणी, सावली आणि खाणं त्याला आपणच दिलं आहे. डोंगरातल्या कळपावर गोळ्या झाडून तापीकाठचा कळप कमी कसा होणार? त्यात डुकरीण एका वेळी चार-सहा पिलं घालते, गाभणकाळ जेमतेम पावणेचार महिन्यांचा. अधूनमधून दोन-चार मारून काही फरक पडत नाही. मारायचंच तर त्या शिवारातल्या कळपावर, ठरवून आणि सातत्याने.

बिहारमध्ये दुसरा मार्ग वापरून झाला. केंद्र सरकार कलम 62 खाली ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीपुरता एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करू शकतं. मग त्या मुदतीत त्याला मारणं गुन्हा राहत नाही. 2015 च्या अखेरीस बिहारमध्ये रोही आणि रानडुकरांबाबत अशी अधिसूचना निघाली. 2016 च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही मारले गेले. त्यावरून केंद्रातलेच दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, उघडपणे आमनेसामने आले. ही वाटसुद्धा अभयारण्याबाहेरच्या भागासाठी होती, हे वादाच्या धुरळ्यात हरवलं. केरळने 2022 साली त्याहून शहाणं काहीतरी केलं: शेतात शिरलेल्या रानडुकराला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अध्यक्षांकडे दिला. आपल्याकडे पंचायत समितीच्या पातळीवर पडताळलेल्या नेमबाजांची यादी ठेवली, तर 2015 चा शासन निर्णय कागदावरून बांधावर उतरेल, असं माझं मत आहे.

तोवर माणसं काय करतात ते उघड गुपित आहे. कुंपणाच्या तारेत थेट खांबावरचा करंट सोडतात. कायद्याच्या लेखी फास लावणं, विष घालणं, नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. तारेला डुक्कर चिकटलं तरी गुन्हा, बिबट्या चिकटला तर तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारीही त्याच तारेला चिकटतो.

सौर कुंपणाची तार दिसते तशीच, पण काम उलट्या पद्धतीने करते. बॅटरीवरचं यंत्र सेकंदाला साधारण एकदा, क्षणाच्याही लहानशा भागापुरता मोठ्या दाबाचा झटका सोडतं. दाब हजारो व्होल्टचा, पण वेळ इतका कमी की प्राणी हबकतो, मागे फिरतो, मरत नाही. खांबावरचा करंट सलग वाहतो, स्नायू आखडतात आणि तार सोडवत नाही, तिथे जीव जातो. जंगलालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून असं कुंपण मिळू शकतं.

नुकसान झालंच तर रोपं तशीच पडू द्यावीत, उचलून बांधावर टाकू नयेत. पावलांचे ठसे आणि उकरलेली ओळ दिसेल असे फोटो काढून तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा. पंचनाम्याला वनकर्मचाऱ्यासोबत महसूल आणि कृषी खात्याची माणसं लागतात. आणि कुंपण घेतलं असेल तर खालच्या तारेखालचं गवत पंधरा दिवसांनी कापत राहावं लागतं. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो, यंत्राचा दिवा लुकलुकत राहतो आणि डुक्कर खालून निवांत आत जातं. पाच शेतांचं मिळून एक कुंपण असेल तर हे गवत कापायची पाळी कुणाची, ते लागण करण्याआधीच ठरवून घ्यावं.