स्क्रिप्स : मोजत राहणारी संस्था

कॅलिफोर्नियात सॅन दिएगो शहराच्या उत्तरेला ला होया इथे स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचा धक्का पॅसिफिक महासागरात सुमारे हजार फूट आत गेलेला आहे. ऑगस्ट १९१६ पासून या धक्क्यावर रोज समुद्राच्या पाण्याचे तापमान घेतले जाते. पाणी काढायचे, तापमापी बुडवायची, आकडा वहीत लिहायचा आणि क्षारता तपासण्यासाठी नमुना बाटलीत भरायचा, एवढेच काम. एका दिवसाच्या आकड्यावर शोधनिबंध होत नाही. वर्षभराच्या आकड्यांवरही फारसा होत नाही. पण ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या पाण्याने १९३१ चा उच्चांक ओलांडला, तेव्हा हा उच्चांक आहे असे छातीठोकपणे सांगता आले ते शंभर वर्षांच्या या वह्यांमुळे. स्क्रिप्सबद्दल लिहिताना जहाजांच्या आणि साहसी सफरींच्या कथा सांगण्याचा मोह होतो, आणि त्या कथा खऱ्याही आहेत. तरी या संस्थेचा खरा वारसा मोजत राहण्याचा आहे असे माझे मत आहे. आणि ती मोजत राहू शकली याचे बरेचसे श्रेय ती विद्यापीठाची असण्याला जाते.

सुरुवात अगदी लहान होती. बर्कलीचे प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रिटर यांना आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातल्या जीवसृष्टीचा नीट अभ्यास करायचा होता. वृत्तपत्रांचे मालक ई. डब्ल्यू. स्क्रिप्स आणि त्यांची बहीण एलन ब्राउनिंग स्क्रिप्स यांनी पैसा दिला आणि १९०३ मध्ये काम सुरू झाले. १९१२ मध्ये संस्था कॅलिफोर्निया विद्यापीठात सामील झाली, १९२५ मध्ये तिच्या नावात समुद्रविज्ञान आले. एरवी विद्यापीठ संस्था काढते. इथे उलटे घडले. संचालक रॉजर रेव्हेल यांच्या खटपटीतून १९६० मध्ये या संस्थेभोवतीच सॅन दिएगोचे विद्यापीठ उभे राहिले.

मोजत राहण्याची किंमत काय असते हे चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसते. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजण्यासाठी रेव्हेल यांनी त्यांना स्क्रिप्समध्ये आणले. एकदा जगभरची पातळी टिपून ठेवावी आणि वीसेक वर्षांनी पुन्हा मोजून फरक पाहावा, असा रेव्हेल यांचा सुरुवातीचा विचार होता. कीलिंग यांना सलग मोजायचे होते. मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर पहिला आकडा मिळाला : दर दहा लाख भागांत ३१३. पुढच्या काही महिन्यांत आकडा आधी चढला, मग उतरला, आणि उपकरणातच दोष असावा अशी शंका येण्याजोगी परिस्थिती झाली. दुसऱ्या वर्षी तोच चढउतार जवळजवळ त्याच महिन्यांत पुन्हा दिसला. उत्तर गोलार्धातल्या वनस्पती उन्हाळ्यात कार्बन शोषून घेतात आणि हिवाळ्यात तो परत सोडतात, तो हा चढउतार होता. त्याच्याखालून दर वर्षी थोडी थोडी वर सरकणारी पातळी आता ४२० च्याही पुढे गेली आहे. वीस वर्षांच्या अंतराने दोनदा मोजले असते तर पातळी वाढली हे कळले असते. ती कशी वाढते हे कळले नसते. इतके होऊनही १९६४ च्या वसंतात पैशाअभावी मौना लोआवरचे मोजमाप काही महिने बंद पडले. त्या आलेखातली ती फट आजही दिसते.

यावर जुना आक्षेप आहे की आकडे गोळा करणे म्हणजे विज्ञान नव्हे. आधी प्रश्न हवा, मग मोजमाप. अनुदान देणाऱ्यांनी कीलिंग यांनाही, नेहमीची नोंद कोणती आणि संशोधन कोणते, अशी विभागणी करायला सांगितले होते. आक्षेपात तथ्य आहे, पण स्क्रिप्सचाच दुसरा अनुभव त्याला मर्यादा घालतो. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियाची तारली मासेमारी कोसळली, मॉन्टेरेचे डबाबंद माशांचे कारखाने ओस पडू लागले. कारण शोधण्यासाठी १९४९ मध्ये स्क्रिप्स, राज्याचे मत्स्यखाते आणि केंद्राचे मत्स्यखाते यांनी मिळून किनाऱ्यालगतच्या समुद्राची नियमित पाहणी सुरू केली. ठरलेल्या रेषांवर, ठरलेल्या ठिकाणी जहाज थांबवायचे, पाणी घ्यायचे, जाळ्याने प्लवक आणि माशांची अंडी गोळा करायची. म्हणजे प्रश्न होता, आणि तो थेट पोटापाण्याचा होता. त्याचे उत्तर मात्र दुसरीकडून मिळाले. सांता बार्बरापाशी समुद्रतळाचा गाळ वर्षावर्षाच्या थरांनी साचतो. त्या थरांतले माशांचे खवले मोजल्यावर दिसले की माणसाने जाळे टाकण्यापूर्वीही तारली शतकानुशतके अशीच वाढत आणि ओसरत आली होती. मासेमारीने आधीच उतरणीला लागलेल्या साठ्याचे हाल वाढवले, ही आजची समजूत त्यातून पक्की झाली. पाहणी मात्र चालू राहिली आणि कोणी न विचारलेल्या प्रश्नांना उपयोगी पडली. १९५७-५८ चा एल निन्यो तिच्यात टिपला गेला. १९९५ मध्ये डीन रोमिक आणि जॉन मॅकगोवन यांनी त्याच नोंदींवरून दाखवले की दक्षिण कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रातले प्राणिप्लवक १९५१ पासून ८० टक्क्यांनी घटले होते. १९४९ मध्ये हा प्रश्न कोणी अर्जात लिहिला असता, तर अनुदान मिळाले असते असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोजची नोंद हे सरकारी खात्याचे काम. प्राध्यापकांनी त्यात का अडकावे? अमेरिकी सरकारने १९७४ पासून मौना लोआवर स्वतःचे मोजमाप सुरू केलेही. पण एकाच शिखरावर दोन स्वतंत्र मालिका चालल्याने एकीची चूक दुसरीत उघडी पडते, आणि या आकड्यांवर आज जितका विश्वास आहे त्यात या दुहेरी मोजमापाचा वाटा मोठा आहे. शिवाय विद्यापीठात आकडा वहीत पडून राहत नाही. दर पिढीचा विद्यार्थी त्याला नवा प्रश्न विचारतो. अर्थात विद्यापीठाची दुबळी बाजूही इथेच आहे. मालिका एखाद्या माणसाच्या हट्टावर जगते. २००५ मध्ये कीलिंग गेल्यावर त्यांचे पुत्र राल्फ यांनी ती स्क्रिप्समध्येच पुढे चालवली. याला सुदैव म्हणता येईल, व्यवस्था म्हणता येणार नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धापासून स्क्रिप्स अमेरिकी नौदलाच्या पैशावर वाढली. हारल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी लाटांचा अंदाज बांधण्याची पद्धत शोधली ती सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी. नॉर्मंडीच्या वेळी ती वापरली गेली. समुद्राच्या तापमानाची माहिती पाणबुडीयुद्धात मोलाची असते, आणि मोलाची माहिती कुलपात जाते. या वळणातून संस्था पूर्ण सुटली असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. पण देशादेशांच्या खुल्या सहकार्याचा दुसरा प्रवाहही जुना आहे. १९६२-६३ मध्ये स्क्रिप्सचे ‘आर्गो’ जहाज हिंदी महासागरात होते, अनेक देशांच्या त्याच संयुक्त मोहिमेच्या काळात जिच्यामुळे पुढे १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि गोव्यात रुजली. तेच नाव पुढे आणखी मोठ्या कामाला मिळाले. प्लवकांची घट दाखवणारे रोमिक आर्गो तरंगकांच्या जागतिक योजनेच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक. हे तरंगक हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात आणि उपग्रहाला आकडे देतात. २००७ मध्ये त्यांची संख्या तीन हजारांवर गेली. हिंदी महासागरात भारतानेही तरंगक सोडले असून हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था हे काम पाहते. अरबी समुद्रात पृष्ठाखाली ऊब किती खोलवर आहे, यावर चक्रीवादळ किती बळावेल हे बरेचसे ठरते, आणि ही ऊब उपग्रहाला वरून दिसत नाही. तरंगक तो आकडा देतो. नौदलाच्या काळात जो आकडा कुलपात गेला असता, तो आता वर आल्यापासून साधारण दिवसभरात रत्नागिरीच्या विद्यार्थ्यालाही फुकट उतरवून घेता येतो.